ॲव्हरेज, टिपिकल, अबाउट : अंदाजाचा आकडा इंग्रजीत सांगायचा कसा

नाशिककडे द्राक्षाचा सीझन लागला की आमच्या शेतकरी गटातली पोरं मोबाईल पुढं करत येतात, ताई एवढा मेल बघून द्या ना. गटाचं कागदपत्राचं आणि बाहेरच्या मेलचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे इंग्रजी लिहिताना गाडी कुठं अडते ते मला रोज दिसतं. व्याकरणात अडते त्यापेक्षा जास्त ती आकड्यात अडते, आणि आकडा चुकलेला नसतो, आकड्याच्या आजूबाजूचे दोन शब्द चुकलेले असतात.

मागच्या सीझनची गोष्ट सांगते. माझ्या चुलतभावाने बाहेरच्या एका खरेदीदाराला लिहिलं, "द ॲव्हरेज बेरी साइज इज एटीन मिलिमीटर्स." त्याला म्हणायचं होतं की मणी साधारण १८ मिलिमीटरचा आहे, काही वावगं नाही. समोरून एका ओळीचं उत्तर आलं, "इज दॅट द मिनिमम ऑर द मीन?" तो माझ्याकडे आला, ताई हा मीन का म्हणतोय आपल्याला, मीन म्हणजे नीच ना? मी म्हटलं अरे नाही, इथं मीन म्हणजे सरासरी, आणि त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण निम्मे मणी १५ चे आणि निम्मे २१ चे असले तरी सरासरी १८ च येते आणि असा माल तो पेटीत घालूच शकत नाही. भावाच्या बागेत तसं काही नव्हतं, फुगवण एकसारखी होती, घड बघून कुणीही सांगितलं असतं. पण वाक्यातून ते दिसत नव्हतं ना.

तेव्हापासून मी पोरांना जे शिकवते ते इथं लिहून काढते. नवीन शिकणाऱ्यांसाठीच आहे हे, ज्यांना इंग्रजी वाचता येतं पण लिहायला-बोलायला बसलं की हात थांबतो त्यांच्यासाठी.

पहिली पायरी : ॲव्हरेज हा शब्द बाजूला ठेवा आणि आधी मराठीत बोला

आपण मराठी बोलतानाही हल्ली सगळीकडे ॲव्हरेज टाकतो, आणि घोळ तिथंच सुरू होतो. आजीला सांगायचं असतं तर काय म्हणाला असतात? सरासरी म्हणाला असतात, का साधारण, का सुमारे, का बहुतेक, का माणशी, का एकरी? हे सगळे शब्द वेगवेगळे आहेत आणि मराठीत ते आपण कधीच चुकवत नाही. सरासरी म्हणजे बेरीज करून भागाकार केलेला. सुमारे म्हणजे मोजलेलं नाही, नजरेचा अंदाज आहे. बहुतेक म्हणजे दहातले सात-आठ. माणशी, एकरी, घरटी म्हणजे वाटणी करून एकाच्या वाट्याला किती. आधी यातला आपला शब्द कुठला ते ठरवा, इंग्रजी त्याच्या मागून येतं. उलट केलं, म्हणजे आधी इंग्रजी आठवायला गेलं, की ॲव्हरेज सोडून दुसरं काही सुचतच नाही.

दुसरी पायरी : खरोखर सरासरी असेल तर

भागाकार केलेला आकडा असेल तर चार साचे पुरतात, आणि चारही वेगळ्या जागी बसतात.

सगळ्यात सोपा म्हणजे "ऑन ॲव्हरेज". वाक्याच्या सुरुवातीला टाका नाहीतर शेवटी, चालतं. "ऑन ॲव्हरेज, वी पॅक थ्री हंड्रेड बॉक्सेस अ डे." आपल्याकडे "ऑन ॲन ॲव्हरेज" म्हणायची सवय आहे, पेपरातही तसं छापून येतं आणि भारतात कुणाला खटकत नाही, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना मधला "ॲन" काढा, त्यांच्याकडे आता तसं म्हणत नाहीत.

दुसरा "ॲन ॲव्हरेज ऑफ", हा आकड्याला चिकटून येतो. "वी पॅक ॲन ॲव्हरेज ऑफ थ्री हंड्रेड बॉक्सेस अ डे." तिसरा "द ॲव्हरेज" आणि पुढं वस्तू, जसं "द ॲव्हरेज वेट", "द ॲव्हरेज टेम्परेचर". आता इथं "ॲन" आणि "द" मुळे क्रियापद बदलतं, हे नीट बघा. "ॲन ॲव्हरेज ऑफ टेन वर्कर्स कम एव्हरी डे", इथं येणारी दहा माणसं आहेत म्हणून "कम". पण "द ॲव्हरेज नंबर ऑफ वर्कर्स इज टेन", इथं बोलणं त्या एका आकड्याबद्दल आहे म्हणून "इज". हे एकदा डोक्यात बसलं की "अ नंबर ऑफ" आणि "द नंबर ऑफ" सुद्धा आपोआप सुटतं, तिथंही हाच हिशोब.

चौथा साचा आपली पोरं वापरतच नाहीत आणि इंग्रजी बोलणारे मात्र सारखे वापरतात, तो म्हणजे ॲव्हरेजलाच क्रियापद करणं. "वी ॲव्हरेज थ्री हंड्रेड बॉक्सेस अ डे." बस, झालं वाक्य. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत तुम्ही हे हजार वेळा ऐकलंय, "ही ॲव्हरेजेस फिफ्टी इन टेस्ट्स." क्रिकेटचं निघालंच आहे तर, बॅटिंगच्या सरासरीत धावांना डावांनी भागत नाहीत, जितक्या वेळा आउट झाला त्याने भागतात. डॉन ब्रॅडमनचे ५२ कसोटीत ८० डाव, १० वेळा नाबाद, म्हणजे आउट ७० वेळा, धावा ६९९६, भागाकार ९९.९४. १९४८ ला ओव्हलवर शेवटच्या डावात नुसत्या ४ धावा झाल्या असत्या तर बरोबर १०० ची सरासरी झाली असती, तो शून्यावर गेला. मी हे मुद्दाम सांगते कारण कुठलीही सरासरी सांगताना कशाने भागलं हे आपल्याला माहीत पाहिजे, समोरचा विचारणारच. ३०० पेट्या रोजच्या म्हणजे सुट्टीचे दिवस धरून का सोडून? वाक्यात टाकून द्या, "पर वर्किंग डे", प्रश्न मिटला.

तिसरी पायरी : गाडीचं ॲव्हरेज गाडीपाशीच ठेवा

तुमची गाडी ॲव्हरेज किती देते, हे आपलं घरचं मराठी आहे, आणि म्हणूनच पोरं सरळ "माय बाइक गिव्ज फिफ्टी ॲव्हरेज" लिहितात. बाहेरच्या माणसाला यातून काहीच कळत नाही, पन्नास कसले? त्याला म्हणायचं "इट डज अबाउट फिफ्टी किलोमीटर्स टू द लीटर", आणि विचारायचं असेल तर "व्हॉट माइलेज डू यू गेट?" युरोपातले लोक तर उलटं मोजतात, शंभर किलोमीटरला किती लीटर लागलं ते, म्हणजे २० किलोमीटर देणारा टेम्पो त्यांच्या भाषेत ५ लीटरवाला आणि तिथं आकडा कमी तेवढी गाडी चांगली. मालवाहतुकीच्या खर्चावर बोलणं निघालं तर हे लक्षात ठेवा.

असंच दुसरं घरचं ॲव्हरेज म्हणजे "ठीकठाक". पिक्चर कसा होता, ॲव्हरेज. पोरगा अभ्यासात ॲव्हरेज आहे. हा अर्थ इंग्रजीतही आहे आणि तो धोक्याचा आहे. "अवर ग्रेप्स आर ऑफ ॲव्हरेज क्वालिटी" असं एकाने नम्रपणे लिहिलेलं मी पाठवायच्या आधी पकडलं, त्याला म्हणायचं होतं माल एकसारखा आहे, वाचणाऱ्याला वाचायला मिळालं असतं माल यथातथाच आहे. एकसारखा म्हणायचं तर "कन्सिस्टंट" किंवा "युनिफॉर्म" लिहा. बरं, खरेदी केंद्रावर सोयाबीन, तूर घेऊन गेला असाल तर तिथं एफएक्यू हा शब्द ऐकला असेल, तो म्हणजे "फेअर ॲव्हरेज क्वालिटी". तिथं ॲव्हरेज वाईट नाही, तिथं तो ठरवून दिलेला दर्जा आहे, ओलावा किती, काडीकचरा किती, फुटका दाणा किती याची हद्द घालून दिलेली असते. तो पूर्ण शब्द तसाच वापरायचा, त्यातला एकटा ॲव्हरेज सुटा काढून मालाला लावायचा नाही.

आणि एक तिसरा ॲव्हरेज आहे जो एक्स्पोर्टवाल्यांनी ओळखलाच पाहिजे. शिपिंगच्या कागदात "जनरल ॲव्हरेज" दिसलं तर ती सरासरी नाही. जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला तर तो तोटा जहाजमालक आणि सगळे मालवाले आपापल्या हिश्शाने वाटून घेतात, त्याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. २०२१ साली सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन नावाचं जहाज अडकलं होतं तेव्हा मालकाने हेच जाहीर केलं होतं, ज्यांच्या कंटेनरला खरचटलंसुद्धा नव्हतं त्यांच्याही वाट्याला ते आलं. खरं तर ॲव्हरेज शब्दाचा जुना अर्थ हाच, समुद्रातलं नुकसान वाटून घेणं, अरबीतून इटलीच्या बंदरांवरून तो इंग्रजीत गेला, आणि वाटणी करून एकाच्या वाट्याला किती यातून पुढं आजची सरासरी निघाली. मला हे कळलं तेव्हा फार छान वाटलं होतं, कारण आपली "माणशी"ची कल्पना तीच की.

चौथी पायरी : माणशी, एकरी, महिन्याकाठी

इथं इंग्रजीत दोनच शब्द आहेत, "पर" आणि "अ". कागदावर, रिपोर्टमध्ये "पर" लिहा, "टेन टन्स पर एकर", "पर पर्सन", "पर मंथ". बोलताना "अ" जास्त सहज येतं, "टेन टन्स ॲन एकर", "थ्री टाइम्स अ डे", "ट्वाइस अ वीक". दोन्ही एकत्र नको, "पर अ डे" असं काही नसतं. दरडोईला "पर कॅपिटा" आहे पण ते सरकारी आकडेवारीत शोभतं, जेवणाच्या बिलाला "अ हेड" म्हणा.

आणि आपलं "पडतात" हे क्रियापद आहे ना, माणशी तीनशे पडतात, त्याला इंग्रजीत "वर्क्स आउट टू" आहे. बारा जण जेवले, बिल ३६०० आलं, "इट वर्क्स आउट टू थ्री हंड्रेड रुपीज अ हेड." हा वाक्प्रचार शिकून ठेवा, भाव सांगताना रोज लागतो.

एकरचं तेवढं सांभाळा, युरोपवाल्याला एकर डोळ्यासमोर येत नाही. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणजे एकरी १० टन उतारा असेल तर "अबाउट ट्वेंटी फाइव्ह टन्स पर हेक्टर" लिहा. लाख-कोटीचंही तसंच, दीड लाख म्हणजे "अ हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड".

दिवसाआड पाणी येतं, हे "एव्हरी अदर डे". तीन दिवसातून एकदा, "वन्स एव्हरी थ्री डेज".

पाचवी पायरी : सुमारे, दहा-बारा, शंभरेक

मोजलेलं नसेल तर ॲव्हरेज म्हणूच नका, "अबाउट" म्हणा. मला विचाराल तर नव्वद टक्के ठिकाणी एवढा एकच शब्द पुरतो. "अराउंड" तसाच, "रफली" थोडा जास्त अंदाजी, "अप्रॉक्सिमेटली" कागदोपत्री. एका वेळी एकच लावा, "अप्रॉक्सिमेटली अबाउट" म्हणजे सुमारे अंदाजे साधारण झालं. आणि आकडा सुटा आणि गोल असू द्या, "अबाउट टू हंड्रेड" ऐकायला बरोबर वाटतं, "अबाउट टू हंड्रेड अँड थर्टीन" वाटत नाही, २१३ माहीत आहेत तर मग २१३ च सांगा ना.

आपल्या जोड्या मात्र जशाच्या तशा नेऊ नका. दहा-बारा माणसं हे "टेन-ट्वेल्व पीपल" नाही, "टेन ऑर ट्वेल्व पीपल" आहे. दोन-चार म्हणजे काही आपण दोन ते चार मोजत नसतो, थोडेसे म्हणायचं असतं, म्हणून "अ फ्यू". शंभरेकला "अ हंड्रेड ऑर सो" इतकं नेमकं बसतं की तो "ऑर सो" म्हणजे आपला "एक" प्रत्ययच समजा, वीसेक "ट्वेंटी ऑर सो", पन्नासेक "फिफ्टी ऑर सो". दीड तास हा "ॲन आवर अँड अ हाफ".

दोन टोकं सांगायची असतील तर एकच नियम, "बिटवीन" आलं की "अँड", "फ्रॉम" आलं की "टू". "बिटवीन टेन टू ट्वेल्व" ही चूक मी इतकी बघते की आता मेल उघडला की आधी तीच शोधते.

दशांशाचं थोडक्यात. ७.२५ हे "सेव्हन पॉइंट टू फाइव्ह", पॉइंटनंतर एकेक अंक वाचायचा, "पॉइंट ट्वेंटी फाइव्ह" नाही. आणि दशांशानंतर वस्तू अनेकवचनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ ची ती, महाराष्ट्राचा जननदर १.७ आला आणि देशाचा २.०, तर ते "वन पॉइंट सेव्हन चिल्ड्रन पर वुमन", "चाइल्ड" नाही.

सहावी पायरी : बहुतेक, शक्यतो, नेहमीसारखं

मोस्टली उद्या येतो, असं आपण म्हणतो. इंग्रजीत "मोस्टली" म्हणजे बहुतांशी, शक्यता नाही. उद्या बहुतेक येईन याला "आय विल प्रॉबेब्ली कम टुमारो". बहुतेक लोक म्हणजे "मोस्ट पीपल", मध्ये "ऑफ" नको. "ऑफ" कधी येतो, तर ठरावीक गटातले बहुतेक म्हणायचं असेल तेव्हा, आणि मग "द" किंवा "अवर" बरोबर घेऊनच, "मोस्ट ऑफ द वर्कर्स", "मोस्ट ऑफ अवर प्लॉट्स".

"टिपिकल" हा शब्द मराठीत आला आणि त्याला वास लागला, टिपिकल सासू, टिपिकल पुणेरी, म्हणून पोरं तो चांगल्या अर्थाने वापरायला बिचकतात. इंग्रजीत तो साधा, चांगला शब्द आहे, नेहमी दिसतो तसा. "ऑन अ टिपिकल डे, वी स्टार्ट हार्वेस्टिंग ॲट सिक्स." "अ टिपिकल बंच हॅज...", एक नेहमीसारखा घड घेतला तर त्यात काय असतं. माझ्या मते आपल्याला जिथं जिथं ॲव्हरेज लिहावंसं वाटतं तिथं निम्म्या वेळा हाच शब्द हवा असतो, कारण आपल्याला भागाकार सांगायचा नसतो, चित्र उभं करायचं असतं.

आता "रिप्रेझेंटेटिव्ह". खरेदीदार "रिप्रेझेंटेटिव्ह सॅम्पल" मागतो तेव्हा तो सगळ्यात देखणे घड मागत नसतो, सगळ्या बागेची खरी कल्पना येईल असे घड मागतो. म्हणजे बांधाकडच्या ओळीतले, मधल्या ओळीतले, वेलीच्या उन्हाच्या बाजूचे, सावलीच्या बाजूचे, घडाच्या शेंड्याचेही मणी. मागच्या वर्षी भाऊ सॅम्पलची पेटी भरत होता, पहिल्या ओळीतले टपोरे घड एकेक निवडून, मी म्हटलं हे रिप्रेझेंटेटिव्ह नाही रे, हे "अवर बेस्ट" झालं. त्याने सगळे परत क्रेटमध्ये ठेवले आणि कात्री घेऊन बागेत आतपर्यंत गेला.

सातवी पायरी : मीन, मीडियन आणि सर्वात जास्त दिसणारा

पॅकहाऊसला दहा माणसं आहेत समजा, नऊ जणांना १५,००० पगार आणि मॅनेजरला ६५,०००. बेरीज २ लाख, भागिले दहा, सरासरी २०,०००. आता बघा, वीस हजार कुणालाच मिळत नाहीत. "द ॲव्हरेज सॅलरी इज ट्वेंटी थाउजंड" हे गणिताने खरं आणि ऐकणाऱ्याला फसवणारं. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं आणि मधल्याला विचारलं तर तो १५,००० सांगेल, तो "मीडियन". म्हणून इंटरव्ह्यूला जाल तेव्हा ॲव्हरेज पॅकेज किती असं विचारू नका, "व्हॉट्स द मीडियन सॅलरी?" विचारा, किंवा आणखी साधं, "व्हॉट डू मोस्ट पीपल इन धिस रोल मेक?" कॉलेजं ॲडमिशनच्या वेळी ॲव्हरेज पॅकेज सांगतात तेव्हाही हाच प्रश्न विचारा. सर्वात जास्त वेळा दिसणाऱ्याला गणितात मोड म्हणतात, पण बोलताना तो शब्द कुणी वापरत नाही, "द मोस्ट कॉमन साइज" एवढं पुरे.

सरासरी म्हणजे किमान नाही, हा मुद्दा मोठ्या लोकांच्यातही वादाचा झालाय. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या अभ्यासात गरिबी मोजताना माणशी दिवसाला २२५० कॅलरीचा आकडा धरला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुधचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभाग त्यांनी अनेक वर्षं सांभाळला, त्यांचं म्हणणं की हा आकडा सरासरी गरजेचा आहे, निरोगी माणसाचीही गरज कमीजास्त होत राहते, त्यामुळे त्याखालचा प्रत्येक जण उपाशी असं धरता येत नाही. माझ्या भावाच्या १८ मिलिमीटरला खरेदीदाराने विचारलं तेही हेच होतं, सरासरी का किमान. किमान सांगायचं तर "ॲट लीस्ट" आहे, जास्तीत जास्त सांगायचं तर "अप टू". हे दोन आणि ॲव्हरेज यांची कधीच अदलाबदल करू नका, पैशात भुर्दंड बसतो.

पावसाचं एक सांगायचं राहिलं, कारण जूनमध्ये सगळे विचारतात. सरासरीच्या ९८ टक्के पाऊस असं बातमीत येतं, तिथं सरासरी म्हणजे हवामान खात्याची "लाँग पीरियड ॲव्हरेज", १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, देशभरासाठी जून ते सप्टेंबर ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ टक्क्यात असला की "नॉर्मल". म्हणून इंग्रजीत "लेस ॲव्हरेज रेन" किंवा "मोअर दॅन ॲव्हरेज" असं ओढाताण करून लिहू नका, "बिलो ॲव्हरेज", "अबव्ह ॲव्हरेज" लिहा, "अबव्ह नॉर्मल" लिहा. आणि देशाची सरासरी गाठली म्हणून तुमच्या शिवारात पाऊस झाला असं नाही, तुमच्या गावाचं सांगायचं असेल तर गावाचा आकडा वेगळा द्या.

आठवी पायरी : घरच्या पाच वाक्यांवर हात बसवा

वही घ्या. दूध रोज किती लागतं, लाईट बिल महिन्याला किती येतं, शाळेत जायला पोराला किती वेळ लागतो, घरात बहुतेक जण किती वाजता जेवतात, विहिरीचं पाणी किती दिवस पुरतं. पाचही आधी मराठीत, ॲव्हरेज शब्द न वापरता. मग त्या मराठी शब्दाखाली रेघ मारा, साधारण, माणशी, बहुतेक, जो असेल तो. मग इंग्रजी. आठवडाभर रोज पाच केलीत तर हात बसतो, आमच्या गटातल्या पोरांचा बसलाय.

भावाने या सीझनला तोच मेल नव्याने लिहिला, मी फक्त एक स्पेलिंग बदललं. "मोस्ट बेरीज आर बिटवीन सेव्हनटीन अँड नाइनटीन मिलिमीटर्स. द मिनिमम इन एव्हरी बॉक्स इज सिक्सटीन. द सॅम्पल केम फ्रॉम ऑल पार्ट्स ऑफ द व्हिनयार्ड." समोरून या वेळी मिनिममचा प्रश्न आला नाही, गाडी कधी भरताय एवढंच विचारलं.